झाकलेली मूठ उघडू या : शिकवणाऱ्या सर्वांना खुले पत्र

शिकवणाऱ्या सर्व मित्रमैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

कोणी शाळेत शिकवतं, कोणी महाविद्यालयात, कोणी नव्याने कामाला लागलेल्यांना हाताखाली घेऊन काम शिकवतं, तर कोणी घरीच मुलांचा अभ्यास घेतं. हे पत्र आपल्या सगळ्यांसाठी आहे. मी गणित शिकवते. एक गोष्ट बरीच वर्षं मनात घोळते आहे, ती आज आपल्यापुढे मांडते.

वर्गात अपूर्णांकांचा भागाकार चालू होता. फळ्यावर मी नेहमीसारखं लिहिलं : दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, भागायचं आहे ना? मग उलटं करून गुणतोय कशाला?" मी म्हटलं, "तो नियमच आहे. पाठ करून टाक." ती खाली बसली. संध्याकाळी वह्या तपासताना तिची वही हातात आली. समासात तिने ‘नियम’ हा शब्द लिहिला होता आणि त्याभोवती पेनने चौकट काढली होती. तीन-चार वेळा गिरवलेली चौकट. पान उलटलं तर मागच्या बाजूने तिचे वळ बोटांना लागत होते.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण मी दिलेलं उत्तर खरं नव्हतं. खरं उत्तर ‘मला माहीत नाही’ हे होतं. माझ्याकडे गणिताची पदवी होती, असली हजारो उदाहरणं मी बिनचूक सोडवली होती, ८ वर्षं हा धडा शिकवत होते. पण उलटं का करायचं, हे मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

शेवटी उठले आणि कागद घेऊन बसले. भागाकार म्हणजे काय, इथपासून सुरुवात केली. १२ भागिले ३ म्हणजे १२ मध्ये ३ किती वेळा बसतात. मग १ मध्ये दोन तृतीयांश किती वेळा बसतील? एक पट्टी काढली, तिचे तीन सारखे भाग केले. दोन भाग मिळून दोन तृतीयांश. ते एकदा बसले. एक भाग उरला. तो दोन तृतीयांशाच्या बरोबर निम्मा. म्हणजे एकात दोन तृतीयांश दीड वेळा बसतात. दीड म्हणजे तीन द्वितीयांश! उलटा अपूर्णांक त्या पट्टीवर आपोआप उमटला होता. एकात दीड वेळा, तर चारात त्याच्या चौपट, म्हणजे सहा वेळा. पाऊणात त्याच्या पाऊणपट. म्हणून गुणायचं. एवढं कळायला मला तासभर लागला आणि पदवीच्या तीन वर्षांत झाला नव्हता असा आनंद त्या तासात झाला.

दुसऱ्या दिवशी वर्गात पट्टी काढून सगळं नीट समजावलं. मुलांना कळलं, त्या मुलीलाही कळलं. पण मी ते अशा थाटात सांगितलं, जणू मला पहिल्यापासून माहीत होतं आणि काल फक्त वेळ कमी पडला होता. रात्रीचा तो तास मी लपवला. आज मला पहिल्या दिवसाच्या त्या तुटक उत्तरापेक्षा दुसऱ्या दिवसाच्या या लपवालपवीचं जास्त वाईट वाटतं. उत्तर तिला पुढेमागे कुठेही मिळालं असतं. एखाद्या मोठ्या माणसाला एखादी गोष्ट माहीत नसते, ते तसं मोकळेपणाने म्हणतं, कागद घेऊन बसतं आणि शोधून काढतं, हे मात्र तिला माझ्याकडूनच पाहायला मिळायला हवं होतं. त्यानंतर वर्षभरात तिने एकदाही ‘का’ विचारलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. व्यवहारात ते कधी उपयोगी पडतही असेल. पण मूठ झाकलेली असली की तिच्यात कोणाला काही ठेवताही येत नाही. आणि वर्गात दोन्ही बाजूंच्या मुठी झाकलेल्या असतात. "समजलं का?" असं आपण विचारतो, सगळा वर्ग एका सुरात "हो" म्हणतो. त्या "हो"चा अर्थ ‘पुढे चला’ एवढाच असतो, हे आपल्यालाही ठाऊक असतं. न समजलेल्या मुलाला वाटतं, बाकी सगळ्यांना समजलं आहे, आपणच ढ आहोत. शेजारच्यालाही तेच वाटत असतं. आणि फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला काही अडत असेल, अशी तर कोणाला शंकाही येत नाही. त्यांच्यासमोर आपली उत्तरं नेहमी धुऊन-पुसून येतात. खाडाखोड घरी राहते. मग मुलं साहजिकच असं धरून चालतात की ज्यांना येतं त्यांना ते आधीपासूनच येत होतं.

माहीत नाही असं म्हटलं तर मुलांपुढे काय मान राहील, असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. मलाही वाटायचं. प्रश्नोपनिषदातला एक प्रसंग वाचल्यावर ते वाटणं हळूहळू सुटलं. सुकेशा भारद्वाज पिप्पलाद ऋषींना सांगतो : कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ माझ्याकडे आला आणि सोळा कलांच्या, म्हणजे सोळा अंशांच्या, पुरुषाबद्दल (आत्म्याबद्दल) त्याने मला विचारलं. मी त्या कुमाराला म्हटलं, मला हे माहीत नाही. माहीत असतं तर तुला का सांगितलं नसतं? जो खोटं बोलतो तो मुळासकट वाळून जातो, म्हणून मी खोटं बोलू शकत नाही. राजपुत्र काही न बोलता रथात चढला आणि निघून गेला.

त्या गप्प निघून गेलेल्या रथापाशी मी दर वेळी थांबते. राजपुत्र निराश झाला असेल, कदाचित त्याच्या मनातून सुकेशा उतरलाही असेल. ग्रंथ ते लपवत नाही. माहीत नाही म्हणण्याची किंमत पडते आणि ती सुकेशाने मोजली आहे. पण पुढे तो काय करतो? तोच प्रश्न उराशी धरून, हातात समिधा घेऊन, विद्यार्थी होऊन पिप्पलादांच्या दारात येतो. उपनिषदातला सहावा आणि शेवटचा प्रश्न या कबुलीतून जन्मला आहे. आणि पिप्पलाद तरी काय म्हणाले होते? आलेल्या सहाही जणांना त्यांनी आधी वर्षभर राहायला सांगितलं आणि म्हणाले, मग हवे ते प्रश्न विचारा. आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. ‘माहीत असेल तर.’ एवढ्या अधिकाराच्या माणसाने शिकवायला सुरुवात करण्याआधीच ही अट स्वतःला घालून घेतली. आपण कोण लागून गेलो?

तरीही ‘मला माहीत नाही’ हे वाक्य नुसतं म्हणून भागत नाही. त्याची अनेक सोंगं असतात. "मला गणितातलं काही म्हणजे काही कळत नाही" असं एखादा मुलगा म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो दार लावून घेत असतो. "आम्हाला बापड्यांना काय कळतंय" असं म्हणणारा मोठा माणूसही तेच करतो. अशा मुलाशी मी आता वाद घालत नाही. वही उघडायला सांगते आणि एकेक ओळ वाचायला लावते. ही ओळ कळली? कळली. ही? कळली. ही? तो अडखळतो. तिथे बोट ठेवायला सांगते. काही म्हणजे काही कळत नाही म्हणणाऱ्या मुलाला सात ओळी कळलेल्या असतात, आठवी अडलेली असते. त्या आठव्या ओळीवर बोट ठेवलं की त्याचा चेहरा बदलतो. आता ते न कळणं त्याच्या बोटाखाली मावणारं झालेलं असतं.

बोट ठेवण्याआधी माणूस कुठे असतो, याचं सगळ्यात सुंदर चित्र मला ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सापडलं. सॉक्रेटिस एका गुलाम मुलासमोर जमिनीवर २ फूट बाजूचा चौरस काढतो. क्षेत्रफळ ४. याच्या दुप्पट, म्हणजे ८ क्षेत्रफळाचा चौरस काढायचा, तर बाजू किती घ्यायची? मुलगा ताडकन सांगतो, दुप्पट. बाजू ४ घेतली तर क्षेत्रफळ १६ होतं. मुलगा म्हणतो, मग ३. त्याचे ९ होतात. आता तो थबकतो आणि म्हणतो की खरंच मला माहीत नाही. इथे सॉक्रेटिस, ज्याच्याशी त्याचा हा संवाद चालू आहे त्या मेनोकडे वळून विचारतो : आपण याला गोंधळात पाडलं, यात याचं काही नुकसान झालं का? मघाशी तो मोठ्या आत्मविश्वासाने चार माणसांत चुकीचं सांगत फिरला असता. आता त्याला माहीत नाही हे कळलं आहे, म्हणून तो शोधायला तयार आहे. मग मूळ चौरसाचा कर्ण काढला जातो, आणि त्या कर्णावर उभा राहिलेला चौरस बरोबर ८ भरतो.

मी हा खेळ दरवर्षी वर्गात करते. चौकटीच्या कागदावर, पेन्सिलने. दरवर्षी पहिलं उत्तर ‘दुप्पट’ हेच येतं आणि दरवर्षी १६ मोजून झाल्यावर वर्गात एक शांतता पसरते. पूर्वी मी ती शांतता भरून काढायला धावायचे. फळ्यावर कर्ण काढूनच टाकायचे. आता खडू खाली ठेवते आणि थांबते. कधी दोन मिनिटं, कधी सात. शिकवण्याच्या सगळ्या कामात मला हे थांबणं सर्वांत अवघड गेलं.

नकाशांचा इतिहासही हेच सांगतो, आणि गणिताबाहेरचा आहे म्हणून मुलांना तो फार आवडतो. युरोपातल्या जुन्या नकाशाकारांना कोरी जागा सोडवत नसे. १५७० साली ऑर्टेलियस या नकाशाकाराने काढलेल्या जगाच्या नकाशात दक्षिणेला एक अवाढव्य खंड पसरलेला दिसतो. कोणी न पाहिलेला, केवळ तो असलाच पाहिजे म्हणून काढलेला. १७७२ ते १७७५ या सफरीत ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक दक्षिण समुद्र पालथा घालून आला, तेव्हा समशीतोष्ण प्रदेशापर्यंत पसरलेलं असं खंड तिथे नाही हे नक्की झालं. मधली २०० वर्षं ते कागदावर ठाण मांडून होतं. त्याउलट १७४९ साली फ्रेंच नकाशाकार द’आन्व्हिलने आफ्रिकेचा नकाशा काढला आणि ज्याबद्दल भरवशाची माहिती नाही तो भाग सरळ पांढरा ठेवला. आधीच्या नकाशांपेक्षा त्याच्या नकाशात कमी दिसतं. पण त्यातली रेघ न् रेघ विचार करून ओढलेली आहे, आणि आपल्याला कुठवर माहीत आहे तेही त्यावरून कळतं. मुलांना मी दोन्ही नकाशे दाखवते आणि म्हणते, तुमच्या उत्तरपत्रिकेत मला दुसऱ्यासारखा नकाशा हवा आहे.

पण आपली कोरी जागा आपल्याला दिसते का? इथे एक मोठी अडचण आहे. २००२ साली येल विद्यापीठातल्या लिओनिद रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. कपड्याची चेन, कुलूप, शौचालयाचा फ्लश यांसारख्या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळतं, असं लोकांना विचारलं आणि स्वतःला गुण द्यायला सांगितले. मग ते पायरीपायरीने लिहून काढायला सांगितलं. लिहून झाल्यावर पुन्हा गुण द्यायला सांगितले, तर ते घसरले. चेन रोज लावतो, म्हणून ती कळते असं वाटत होतं. वस्तूची सवय आणि वस्तूची समज यांत आपण गल्लत करतो, आणि लिहायला बसेपर्यंत ती लक्षातही येत नाही.

विश्वास बसत नसेल तर आत्ता हे वाचणं थांबवून कागदावर सायकल काढून पाहा. आठवणीतून. दोन चाकं, सांगाडा, पायडल, साखळी. साखळी कुठून कुठे जाते? सांगाड्याचा दांडा पुढच्या चाकाला जोडला आहे का? जोडला असेल तर हँडल वळेल कसं? २००६ साली लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी लोकांना हेच करायला सांगितलं होतं. पुष्कळांनी साखळी दोन्ही चाकांवरून फिरवली किंवा वळूच न शकणारी सायकल काढली. मी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात हे करून पाहिलं. माझ्या शेजारी एक ज्येष्ठ शिक्षक होते, भौतिकशास्त्र शिकवणारे. त्यांनी सायकल काढली, बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मग खोडरबर घेऊन साखळी पुसली. म्हणाले, "मी हिच्यावर २० वर्षं शाळेत आलो." त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात जी जिज्ञासा होती, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. मधल्या सुट्टीत ते गाड्या लावलेल्या जागी जाऊन एका सायकलपाशी उकिडवे बसले होते.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी एक वेगळी विनंती आहे. ‘येत नसलं तरी काहीतरी लिहून या, चार गुण मिळतील’ असं आपण मुलांना सांगतो. मीही सांगितलं आहे. त्यातून मुलं काय शिकतात? जिथे माहीत नाही तिथे शब्द भरायचे. पुढे ती मोठी होऊन कचेरीत, दवाखान्यात, न्यायालयात, यंत्रावर कामाला बसतात तेव्हाही वेळ मारून न्यायची ही सवय त्यांच्याबरोबर जाते. आणि तिथे तिची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागते. म्हणून प्रत्येक प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असू द्या : या रीतीतली कोणती पायरी तुम्हाला पटली नाही किंवा कळली नाही ती लिहा, आणि नेमकं काय कळलं नाही ते सांगा. मी वर्गातल्या चाचणीत हा प्रश्न २ गुणांसाठी घालते. पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्यांनी ‘सगळं कळलं’ असं लिहिलं. त्यांना तो सापळा वाटला. मी ‘सगळं कळलं’ला शून्य दिलं नाही, पण ज्या दोघांनी खरंखुरं लिहिलं होतं त्यांच्या ओळी नावं न घेता मोठ्याने वाचल्या आणि त्यांवर पूर्ण तास घेतला. तिसऱ्या चाचणीपर्यंत निम्मा वर्ग लिहू लागला होता.

असं करत बसलं तर पोर्शन कधी पूर्ण होणार, हा आक्षेप मला मान्य आहे. वेळ लागतो. माझा एक धडा मागे राहतो आणि शेवटी घाई होते. यावर माझ्याकडे इतकंच सांगण्यासारखं आहे की न कळलेला धडा मुलांच्या डोक्यातही मागेच राहिलेला असतो. फक्त तो नोंदवहीत दिसत नाही.

पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांनाही सांगावंसं वाटतं. आपली पुस्तकं उत्तरांनी खच्चून भरलेली असतात. ती वाचून मुलांना वाटतं, जगातले सगळे प्रश्न सुटलेले आहेत, आपल्यासाठी फक्त सराव उरला आहे. एक पान असं ठेवा ज्यावर अजून कोणालाच न सुटलेला प्रश्न असेल. गणितात तर शाळकरी मुलाला कळतील असे प्रश्न आहेत. २ पेक्षा मोठी कोणतीही सम संख्या घ्या, ती दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून लिहिता येते का? ८ म्हणजे ३ अधिक ५. २० म्हणजे ७ अधिक १३. १०० म्हणजे ३ अधिक ९७. १७४२ साली गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रातून हा प्रश्न पुढे आला. संगणकाने ४ वर १८ शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तो तपासून पाहिला आहे, दर वेळी उत्तर ‘हो’ असंच आलं. तरी ते नेहमीच असं येईल, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेलं नाही.

हे मी वर्गात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका मुलाने विचारलं, "म्हणजे तुम्हालाही नाही येत?" मी म्हटलं, नाही. "पुस्तक लिहिणाऱ्यांना?" नाही. "मग कोणाला येतं?" कोणालाच नाही. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि मग वहीच्या मागच्या पानावर सम संख्या मांडू लागला. त्याला थांबवायला मला पुढचा तास सुरू झाल्याचं सांगावं लागलं.

आता मी रोज तास संपताना पाच मिनिटं राखून ठेवते. मुलं चिठ्ठीवर एकच वाक्य लिहितात : इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही. चिठ्ठीवर नाव नसतं. त्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी माझीही असते, आणि ती मी सगळ्यांत आधी वाचून दाखवते. कालच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी निघाली, पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेली : "क्ष म्हणजे माहीत नसलेली संख्या हे कळलं. पण पहिल्या उदाहरणात क्ष ५ आला आणि दुसऱ्यात ७. एकदा ५ आहे असं ठरल्यावर तो बदलतो कसा, हे नाही कळलं." किती नेमकं बोट ठेवलं आहे! अक्षराचा अर्थ त्या उदाहरणापुरता असतो, हे मी इतक्या वर्षांत एकदाही वर्गात उच्चारून सांगितलेलं नाही. ते सांगण्यासारखं आहे, हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

उद्याचा तास मी या चिठ्ठीपासून सुरू करणार आहे. आपल्या वर्गातल्या अशा चिठ्ठ्यांवर काय लिहिलेलं येतं, ते मला जरूर कळवा.

आपली,
गणित शिकवणारी एक शिक्षिका